लाँड्रीवरचा ठिपका

१

शोकसभेत पहिल्या वक्त्याने बाबांचं वय चुकवलं आणि दुसऱ्याने विषय. तिसरे होते खुद्द विभागप्रमुख. ते वीस मिनिटं स्वतःविषयीच बोलले. "सरांच्या जाण्याने पक्षिशास्त्राचं कधीही न भरून येणारं नुकसान झालं आहे," हे वाक्य आलं तेव्हा पहिल्या रांगेत आईने लेकीचा हात दाबला.

"हसू नकोस. लोक बघतायत."

"मी नाही हसत. तूच हसतेयस."

बाबांनी अडतीस वर्षं वटवाघळं मोजली. कुठली जात कुठे राहते, किती संख्येने राहते आणि कुठून नाहीशी झाली, याचे ठिपके नकाशावर मांडत त्यांचं आयुष्य गेलं. वटवाघूळ हा पक्षी नाही, हे त्यांनी याच सभागृहात, याच खुर्च्यांवर बसलेल्या याच लोकांना निदान पन्नासदा सांगितलं असेल.

सभा संपल्यावर लोक चहाकडे वळले आणि लेक बाबांच्या खोलीकडे. दारावर विभागप्रमुखांच्या नावाची पाटी लागलीसुद्धा होती, तिचे स्क्रू अजून चकाकत होते. बाबांना जाऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते.

कपाट मात्र जुनंच होतं आणि आत हिरव्या वह्या होत्या. एका वस्तीला एक वही, अशी बाबांची पद्धत. वटवाघळांची एक वस्ती सापडली की तिच्या नावाने एक वही सुरू व्हायची आणि वस्ती असेपर्यंत चालायची. संध्याकाळी मोजणी करायची, दुसऱ्या दिवशी सकाळी इथे येऊन शिसपेन्सिलीने वहीत उतरवायची. पाठीवर पांढऱ्या रंगात आकडा असे.

लेक ग्रंथपाल होती. पुस्तकांच्या रांगेवरून नजर फिरवली की हात आपोआप मोजू लागतो, हा त्या धंद्याचा आजार. एकवीस, बावीस, तेवीस, पंचवीस.

मध्ये फट नव्हती. कुणीतरी उरलेल्या वह्या सरकवून नीट जुळवून ठेवल्या होत्या.

तिने पहिली वही काढून मागची यादी उघडली. बाबांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'चोवीस. नवी वस्ती. नालनाकी. मोठी!'

बाबा आयुष्यात उद्गारचिन्ह वापरत नसत. इथे ते होतं, आणि ज्या वहीसाठी होतं नेमकी तीच गायब होती.

२

"चोवीस?" विभागप्रमुखांनी चहाचा कप बशीत ठेवला. "तुमच्या वडिलांच्या वह्या मी कशाला मोजू?"

"मी मोजल्या. एक कमी आहे."

"बसा." हा शब्द ते असा उच्चारत की समोरच्याला आधी उभं राहावंसं वाटे. "आता तुम्ही विषय काढलातच म्हणून सांगतो. मनाला लावून घेऊ नका."

त्यांनी एक कागद पुढे केला. विभागाचा मोठा नकाशासंग्रह सोमवारी छपाईला जाणार होता. बाबांच्या ठिपक्यांपैकी एकावर लाल फुली होती आणि खाली बारीक टाइपात तळटीप: 'ही नोंद पडताळणीत आढळली नाही. निरीक्षकाचं वय व प्रकृती लक्षात घेता ती काल्पनिक असण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

लेकीने ती दोनदा वाचली. अडतीस वर्षांच्या कामाखाली हे वाक्य छापून येणार होतं. उद्या कुणीही विचारलं असतं, एक खोटी तर बाकीच्या कशावरून खऱ्या?

"काल्पनिक?"

"सौम्य शब्द आहे. दुसरेही सुचवले गेले होते." ते खुर्चीत मागे रेलले. "नालनाकी म्हणजे घोड्याच्या नालेसारखं नाक असलेली वटवाघळं. ती डोंगररांगेच्या पूर्वेला राहतच नाहीत. आपल्या विभागाचं ते गाजलेलं संशोधन आहे. आणि सरांचा हा ठिपका पूर्वेला. तरीही त्यांच्याविषयीच्या आदरापोटी आम्ही पडताळणी केली. तीन सभासद, तिघंही जागेवर जाऊन आले."

"तुम्ही स्वतः गेला होता?"

"अर्थात."

"कशी होती जागा?"

"कशी म्हणजे? जागेसारखी जागा. रिकामी."

"गुहा होती? घर होतं? विहीर?"

विभागप्रमुखांनी टेबलावरची पेन्सिल सरळ केली. "त्या तपशिलात मी शिरत नाही."

लेकीची नजर टेबलाखाली गेली. त्यांच्या बुटांत खिडकीचं प्रतिबिंब दिसत होतं. ते बूट डांबरी रस्त्याखाली उतरल्याला वर्षं लोटली असावीत. त्याच कागदावरच्या बाबांच्या मूळ नोंदीत जागेविषयी दोनच शब्द होते: 'बंदिस्त, अंधारी.' बाकी अक्षांश-रेखांशाचे आकडे. या गृहस्थांना तेवढंही वाचायची तसदी घ्यावीशी वाटली नव्हती.

तिने आकडे टिपून घेऊन कागद परत दिला. ते तो ठेवायला वळले, खण उघडला, आणि त्यांच्या कोपराखालून तिला एक कड दिसली.

हिरव्या वहीची कड.

३

"ती वही दाखवता?"

"कुठली?"

"तुमच्या खणातली. हिरवी."

विभागप्रमुख लाल झाले. त्यांनी वही बाहेर काढली खरी, पण द्यायला हात पुढे येईना. शेवटी तिनेच ती घेतली. पाठीवर आकडा नव्हता. पहिल्या पानावर विभागप्रमुखांच्या ऐसपैस अक्षरात लिहिलेलं होतं: 'सरांच्या जाण्याने (इथे थांबणे) एक पर्व (आवाज खाली) संपले.'

"कपाटात कोऱ्या पडल्या होत्या," ते म्हणाले. "भाषण चांगल्या कागदावर लिहावं म्हणून..."

मेलेल्या माणसाच्या कोऱ्या वहीत त्याच्याच शोकसभेचा सराव! लेकीने वही मिटून टेबलावर ठेवली. हा माणूस खोटं बोलला होता, पण चोरी करायला आधी वही उघडून वाचावी लागते, आणि वाचण्याचा आळ याच्यावर कुणी घेऊ शकलं नसतं.

व्हरांड्यात चिरंजीव उभा होता.

हे नाव बाबांनी दिलेलं. त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. दहा वर्षं घरी यायचा, आईच्या हातचं जेवायचा आणि लेकीला ताई म्हणायचा. नालनाकी डोंगररांग ओलांडत नाहीत हे गाजलेलं संशोधन त्याचंच. तापमान, उंची आणि झाडोरा यांची आकडेवारी संगणकाला घालायची आणि कुठली जात कुठे असू शकते ते काढायचं, हे त्याचं काम. नकाशावरच्या त्या सीमेला सगळे 'चिरंजीवाची रेषा' म्हणत. बाबाही म्हणायचे, आणि कौतुकाने.

त्याचे डोळे सुजलेले होते. "ताई, ती तळटीप मी नाही लिहिली. शपथ घेऊन सांगतो. मी म्हटलं, नुसता ठिपका काढा, शब्द कशाला? माझं कोण ऐकतंय!"

"सही तुझी पण आहे."

"आहे ना. काय करू? जे पाहिलं ते लिहिलं. पण मी सरांसाठी गेलो, ताई. बाकीचे दोघं सभासद गेले असतील नसतील. मी गेल्या पंधरवड्यात गेलो. बोगद्याच्या तोंडाशी गंजलेली जाळी, ती वाकवून आत शिरलो. गुडघाभर पाणी होतं. तासभर उभा होतो त्या पाण्यात. म्हटलं एक तरी दिसू दे. एक दिसलं असतं ना, तर मी माझी रेषा स्वतः पुसली असती." त्याचा आवाज फुटला. "एक नव्हतं, ताई."

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आज इतक्या भाषणांत तिला रडावंसं वाटलं ते या एका वाक्याला.

"आणि वही? चोवीस नंबरची?"

त्याने मान वळवली, व्हरांड्याच्या टोकाच्या दाराकडे. "कपाटाची किल्ली एरवी संग्रहालयाच्या बाईंकडे असते. मी काही म्हणत नाही. पण त्या दोन आठवडे माझ्या नजरेला नजर देत नाहीयेत."

४

संग्रहालयाच्या बाईंचं राज्य तळमजल्यावर होतं. काचेच्या बरण्या, लेबलं आणि स्पिरिटचा वास. पंचवीस वर्षं त्या बाबांबरोबर हिंडल्या होत्या. बाबा मोजायचे, त्या टॉर्च धरायच्या.

त्यांनी लेकीच्याही नजरेला नजर दिली नाही.

"मला काही विचारू नकोस गं."

"तुमची सही आहे, बाई. 'वस्ती आढळली नाही.' तुम्ही गेलात तरी का?"

"गेले. म्हणूनच म्हणते, विचारू नकोस." त्यांनी एक बरणी उगाच पुसली. "मला आकड्यांतलं कळत नाही. एरवी सर पुढे आणि मी मागे, आकडे ते स्वतःच भरायचे. या वेळी सर नाहीत, म्हणून आकडे रिक्षावाल्याच्या फोनमध्ये घातले आणि गेले."

"मग बोगदा..."

"कसला बोगदा?"

लेक थांबली. "बोगदा नव्हता?"

"बोगदा कुठला, लाँड्री आहे तिथे!" बाईंचे डोळे भरून आले. "वाफेवरची मोठी लाँड्री. हॉटेलांच्या चादरी धुतात. मी दारात उभी राहिले तर तिथली बाई म्हणते, पावती दाखवा. काय सांगू मी? आमचे सर म्हणतात तुमच्याकडे वटवाघळं आहेत? परत आले आणि गुपचूप सही केली. तुझ्या बाबांचं डोकं शेवटी चालत नव्हतं, हे माझ्या तोंडून कुणाला कळायला नको होतं."

वरच्या मजल्यावर खुर्च्या उचलल्याचा आवाज येत होता.

एकाच आकड्यांच्या जागी दोन माणसं गेली होती. एकाला गंजलेली जाळी आणि गुडघाभर पाणी दिसलं, दुसरीला धुतलेल्या चादरी. कुणीतरी एक धडधडीत खोटं बोलत होतं, आणि लेकीला मनापासून वाटत होतं की ते बाईंनीच बोललेलं असावं.

५

शनिवारी सकाळी ती आकडे फोनमध्ये घालून निघाली. बाण जिथे थांबला तिथे निळी पाटी होती, वाफेचा भपकारा होता आणि काउंटरवर एक बाई.

"पावती?"

लेक तशीच मागे फिरली.

बाई खरं बोलल्या होत्या. मग चिरंजीव कुठल्या पाण्यात उभा होता? जाळी, गंज, गुडघाभर पाणी... इतकं बारीक कुणी मनाने रचत नाही. निदान आकडेमोड करणारा चिरंजीव तर नाहीच, त्याला साधी थाप मारायची तरी दम लागायचा. आणि तिसरी शक्यता तिला नको होती. बाबाच चुकले?

आई स्वयंपाकघरात बाबांचे जोडे वर्तमानपत्रात गुंडाळत होती. लेकीने सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि जोडा खाली ठेवला.

"म्हणजे तुमच्या त्या विभागात एवढी वर्षं कुणाला कळलंच नाही?"

"काय?"

"अगं, ते खरा पत्ता लिहायचे का कधी?" आई म्हणाली. "तू चार वर्षांची असशील. त्यांनी एका गुहेचा पत्ता छापला, नीट, नकाशासकट. महिन्याभरात लोकांनी टायर पेटवून धूर केला आत. हे गेले तर जमीन दिसत नव्हती, नुसती मेलेली पिल्लं. दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हापासून छापायचा आकडा सरकवून लिहायचे. मी म्हटलं, निदान ऑफिसात सांगा. तर म्हणे, विभागाला सांगणं आणि फळ्यावर लिहिणं सारखंच."

"किती सरकवायचे?"

"ते मला काय ठाऊक? मी काय वटवाघूळ आहे?"

लेक उठली. तिला दोन वस्त्या लहानपणापासून ठाऊक होत्या, बाबांचं बोट धरून पाहिलेल्या. शाळेचं घंटाघर आणि मावशीच्या घराचा माळा. तिने दोन्हींचे छापील आकडे नकाशावर टाकले. घंटाघराचा ठिपका पडला पेट्रोल पंपावर, मावशीचा माळा थेट तळ्यात. दोन्ही ठिपके खऱ्या जागेच्या बरोब्बर उत्तरेला, बरोब्बर दोन किलोमीटर.

बाबांच्या नकाशाच्या चौकटी पाच-पाच किलोमीटरच्या. दोन किलोमीटरने शास्त्राचं काही बिघडत नव्हतं, आणि धूर करणारा मात्र पेट्रोल पंपावर पोचत होता. म्हातारा एवढी वर्षं सगळ्यांच्या नाकावर टिच्चून वटवाघळं लपवत होता.

तिने लाँड्रीवर बोट ठेवलं आणि दोन किलोमीटर दक्षिणेला आणलं. बोट एका निळ्या रेघेवर थांबलं. कालवा. आणि जिथे रेघ टेकडीखाली शिरून तुटली होती, तिथे बोगदा.

"आई, बाबा शेवटचे कुठे गेले होते?"

"आदल्या संध्याकाळी? सांगितलं नाही. बुटांना घोट्यापर्यंत चिखल लावून आले, एवढं माहीत आहे. म्हणाले, सकाळी लिहितो." आईने गुंडाळलेल्या जोड्यावरून हात फिरवला. "सकाळी उठलेच नाहीत."

६

रविवारी ऊन उतरल्यावर लेक आणि संग्रहालयाच्या बाई कालव्यावर पोचल्या. बाईंच्या हातात बाबांचं यंत्र होतं. वटवाघळांचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, तो ऐकू येईल इतका खाली आणणारा डबा.

बोगद्याच्या तोंडाशी जाळी होती. गंजलेली.

"म्हणजे चिरंजीव आला होता इथे," बाई म्हणाल्या.

"थांबा, बाई."

जाळी कुठेच वाकलेली नव्हती. कडेला माणूस तिरका होऊन शिरेल एवढी जागा होती. इथे आलेल्याला वाकवायची गरज नव्हती, आणि जोर लावला असता तरी ती हातात तुटून आली असती.

आत पाय टाकला तर टाचेचा टकटक आवाज झाला. गुडघाभर सोडा, बोगद्यात चूळ भरायलाही पाणी नव्हतं. तळाचा गाळ वाळून दगड झाला होता.

कालव्याचा पहारेकरी टेकडीवरून ओरडत खाली आला. "ओ ताई, आत कुठे?"

"दादा, पाणी कधीपासून बंद आहे?"

"झाले की सहा-सात आठवडे. दुरुस्ती काढलीय. ते काठीवाले आजोबा यायचे ना, ते शेवटचे आले तेव्हा नुकतं ओसरलं होतं. मी म्हटलं, आजोबा, रुताल. तर मलाच म्हणतात, तू गप, त्यांची झोपमोड होते."

लेकीने टॉर्च खाली केला. वाळलेल्या गाळात बुटांचे ठसे होते, एकाआड एक, आणि प्रत्येक जोडीशेजारी काठीचं गोल भोक. ते आत गेले होते आणि परत आले होते. तिने त्यांच्यावर पाय पडू दिला नाही.

बाई खाली वाकल्या. "हे बघ." प्रत्येक ठशात तांदळाएवढ्या काळ्या लेंड्यांचा थर होता. काठीच्या भोकांतही. "सर जाऊन आल्यानंतरच्या आहेत या. वस्ती हललेली नाही, बाळ."

मग दोघी बाहेर येऊन बसल्या. प्रकाश राखाडी झाला आणि डबा गुणगुणू लागला, किटली उकळायच्या आधी करते तसा. बाईंनी चकती फिरवली. "ब्याऐंशी किलोहर्ट्झचा सूर. नालनाकीच. दुसरं कुणी या सुरात बोलत नाही."

जाळीतून पहिलं बाहेर आलं. मग दुसरं. मग मोजता मोजता बाईंचा श्वास लागला.

"दोनशे शहाऐंशी," शेवटी त्या म्हणाल्या, आणि लेकीकडे वळल्या. "पण तो तर म्हणाला, एक नव्हतं. अगं, इथे आलाच नाही, तर त्याला जाळी कशी ठाऊक?"

लेकीला उत्तर मिळून दहा मिनिटं झाली होती. ती ते कुणाला सांगायला तयार नव्हती, स्वतःलाही नाही.

७

सोमवारी साडेदहाला चौघं विभागप्रमुखांच्या खोलीत बसले. छापखान्याचा माणूस बाराला येणार होता.

"थोडक्यात आटपा," विभागप्रमुख म्हणाले.

"आटपते. चिरंजीव, तू बोगद्यात काय पाहिलंस ते सरांना सांग."

त्याने सांगितलं. जाळी, पाणी, तासभर. आवाज आजही नेमक्या जागी फुटला.

"आता सर, तुम्ही काय पाहिलंत?"

"मी सांगितलं आहे. रिकामी जागा."

"रिकामी नाही. तिथे चार मोठी यंत्रं आहेत आणि पावती मागतात." तिने फोन त्यांच्यासमोर सरकवला. "यात पत्रकावरचे आकडे टाकलेत. वाचा."

विभागप्रमुखांनी चष्मा लावला, काढला आणि पुन्हा लावला. "लाँड्री?"

"तिघांत खरं तिथे एकट्या बाई गेल्या. तुम्ही कुठेच गेला नाहीत, तुमचं सोडून देऊ." हे तिने इतक्या सहज म्हटलं की त्यांना रागवायलाही फट सापडली नाही. "चिरंजीव, लाँड्रीत जाळी कुठे आहे रे?"

चिरंजीव पांढरा पडला होता. "आकडे चुकले असतील. मी... कुणाला तरी विचारत गेलो."

"काय विचारलंस? बोगदा कुठे आहे? बाबांच्या नोंदीत बोगदा हा शब्दच नाही. 'बंदिस्त, अंधारी' एवढंच आहे. बोगदा, जाळी आणि पाणी हे सगळं एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं. चोविसाव्या वहीत."



"मी आधी समजले की तू वही वाचून तिथे गेलास आणि खोटं बोललास. तेवढं तरी केलं असतंस! पण तू गेलाच नाहीस. वहीतली शेवटची नोंद पाणी असतानाची. त्यानंतर बाबा एकदा गेले, आणि त्या मोजणीची नोंद करायला ते सकाळी उठले नाहीत. म्हणून तुझ्या वहीत पाणी राहिलं. बोगदा सहा आठवडे कोरडा आहे. पंधरवड्यापूर्वी तू उभा होतास ते पाणी कागदावरचं होतं."

"ताई..."

"बाबा वहीत ठिकाण लिहीत नसत, हेही तुझ्या लक्षात आलं नाही. 'नेहमीच्या दगडापासून साठ पावलं', एवढंच. तू मनाशी म्हणालास, ठिकाणासाठी आकडे आहेतच की. दहा वर्षं तू लाखो ठिपके हलवलेस, आणि त्यांतल्या एकाखाली काय आहे ते बघायला कधी खुर्चीतून उठला नाहीस. लाँड्री नुसत्या फोनवर दिसते रे. मला एक मिनिट लागलं."

संग्रहालयाच्या बाईंनी नवं पडताळणी पत्रक टेबलावर ठेवलं. दोनशे शहाऐंशी, ब्याऐंशीचा सूर, ध्वनिमुद्रण सोबत, आणि सही.

चिरंजीवाने पिशवीतून वही काढली. हिरवी, पाठीवर चोवीस. "मी फाडली नाही, ताई. फाडू शकलो असतो. सरांचं अक्षर होतं, हात झाला नाही. पण एका बोगद्यापायी माझी दहा वर्षं... सगळं जग ती रेषा वापरतं. सर तर गेलेच होते. त्यांना काय फरक पडणार होता?"

लेकीने वही उघडली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर मोजणी होती आणि खाली, चौकटीबाहेर, दोन ओळी. तिने त्या मोठ्याने वाचल्या, कारण त्या या खोलीने ऐकायलाच हव्या होत्या.

"'पाणी ओसरलं की चिरंजीवाला घेऊन यायचं. रेषा हलली, हे बघून सगळ्यात जास्त आनंद त्यालाच होईल.'"

चिरंजीवाने मान खाली घातली.

"हे वाचलं होतंस?"

त्याची बोटं पिशवीचा बंद गुंडाळत राहिली. वाचलं होतं.

"मग बाबांची एकच नोंद खोटी निघाली," ती म्हणाली. "ही."

विभागप्रमुखांनी घसा साफ केला. त्यांचा चेहरा एव्हाना उजळू लागला होता. "म्हणजे पूर्वेला वस्ती सापडली! विभागाच्या दृष्टीने हे फारच... तळटीप अर्थात काढून टाकू. वार्ताहरांना बोलावू. मी स्वतः तिथे उभा राहून दोन शब्द बोलेन. तर हा बोगदा नेमका कुठे म्हणालात?"

लेकीने वही पिशवीत टाकली. "नकाशात ठिपका आहे की."

"पण तो तर लाँड्रीवर..."

"बाबांनी ठेवला तिथेच राहील. बाराच्या आत छापायला द्या." दारापाशी ती वळली. "आणि जालच भाषण करायला, तर पावती घेऊन जा."

बाईंना ठसका लागला. तो बराच वेळ टिकला.

८

घरी आईने वही उलटून पालटून पाहिली आणि लेकीसमोर ठेवली. "शेवटचं लिहायचं राहिलंय ना त्यांचं?"

लेकीने शिसपेन्सिल घेतली. तारीख आईने सांगितली. तिने लिहिलं: 'पाणी ओसरलेलं. गाळ ओला. जाळी जशीच्या तशी. निरीक्षक एक, काठीसह.'

पुढचा रकाना मोजणीचा होता.

"लिही की," आई म्हणाली. "तुम्ही दोघींनी मोजली ना? दोनशे शहाऐंशी."

"ती कालची. ती खाली लिहीन, कालच्या तारखेला. बाबांनी त्या संध्याकाळी किती मोजली ते बाबांनाच ठाऊक."

लेकीने तो रकाना तसाच कोरा ठेवला आणि खालच्या ओळीवर गेली. मनाने आकडा भरण्याची त्या वह्यांत पद्धत नव्हती.